सहावा हिस्सा

शिवरात्र झाली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आमच्या बेंगळुरूत म्हणतात. यंदाही ती तशीच गेली. जे. पी. नगरातल्या आमच्या बाल्कनीसमोर एक करंज आहे, इथले लोक त्याला होंगे म्हणतात. त्याची जुनी पानं आठवड्याभरात झडली आणि पोपटी पालवी फुटली. दुपारचं ऊन टोचायला लागलं आणि घरात परीक्षा शिरली.

परीक्षा माझ्या नातीची आहे. अन्विता मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणार आहे. दर रविवारी सकाळी ती संगणकासमोर तीन तास सराव परीक्षा देते आणि उठली की संगणक तिला दोन आकडे सांगतो. एक, आज मिळालेले गुण. दुसरा, खऱ्या परीक्षेत मिळतील ते. पहिल्या आकड्याकडे कुणी फारसं बघत नाही. दुसरा ऐकायला मात्र माझा मुलगा दाढी अर्धवट सोडून येतो, सून गॅस बारीक करून येते. त्या आकड्यावर त्या दिवशीचं जेवण गोड लागायचं की कडू, हे ठरतं.

मी तेवढ्या वेळात बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालते. कुंड्यांना सकाळीच पाणी दिलेलं असतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हातारीला टेन्शन सहन होत नाही, असं सून कौतुकानं सांगते. सांगू दे. तो दुसरा आकडा मी ओळखते. आमच्या घरात तो साठ वर्षांपूर्वी संगणकाशिवाय निघत असे आणि तो काढणारे माझे वडील होते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी फौजेच्या मागून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी राहिली, पण भातात सार मिसळावं तशी तिच्यात कानडी मिसळली. अण्णा एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या लेक्चरांसाठी परीक्षानळ्या लावून दिल्या. बोटांना सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग होते, ते जेवतानाही दिसत. आपल्या लोकांत एक डॉक्टर व्हावा, एवढी एकच हौस त्या माणसाला होती. देवाकडेही त्यांनी दुसरं काही मागितलं असेल, असं मला वाटत नाही.

त्या काळी मेडिकलला वेगळी प्रवेश परीक्षा नव्हती. पी. यू. सी.ची परीक्षा हीच ती. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी मिळून तीनशेपैकी गुण बघायचे, मग मुलाखत, मग यादी. म्हणून माघ-फाल्गुनात दर रविवारी सकाळी आठ ते अकरा आमच्या चामराजपेटेतल्या घराच्या पुढच्या खोलीत अण्णा सराव परीक्षा घेत. फी नाही, काही नाही. गल्लीतली, ओळखीतली पाच-सहा मुलं येत. लाल कोब्याच्या गार जमिनीवर पाट मांडायचे, पुढ्यात उतरती लिहायची मेजं. सुरुवातीची आणि शेवटची घंटा देवघरातली असे. तीन तास घंटा अण्णांच्या मांडीजवळ, म्हणून रविवारी देवाची पूजा अकराच्या पुढे. “देवालासुद्धा हॉलतिकीट लागतंय या घरात,” असं आई म्हणायची.

अण्णांचे नियम कडक होते. घंटेआधी प्रश्नांच्या चिठ्ठीला कुणी हात लावायचा नाही. पाणी एकदाच मिळेल. आणि सगळ्यांत कडक नियम हा, की परीक्षार्थीनं आपल्या पेपराबद्दल चकार शब्द काढायचा नाही. गुण कमी का, हे विचारायचं नाही आणि जास्त का, हेही नाही. सुब्बराव नावाचा एक हुशार मुलगा एकदा दोन गुणांसाठी हुज्जत घालू लागला. अण्णांनी त्याला शांतपणे त्याच्या चपला दाखवल्या. पुढं त्याचे वडील फळांची करंडी घेऊन आले, तरी तो पाट परत मांडला गेला नाही. आम्ही दोघी बहिणी दाराआडून बघत होतो. अक्का तेव्हा मला म्हणाली होती, “बरोबर आहे अण्णांचं. तपासणाऱ्याला सुखानं तपासू द्यावं.”

पण अण्णा प्रसिद्ध होते ते तपासण्यासाठी नव्हे, सांगण्यासाठी. सराव परीक्षेत किती मिळाले म्हणजे खऱ्या परीक्षेत किती मिळतील, हे ते आधी सांगत आणि ते खरं ठरे. गल्लीला त्यात दैवी काही वाटायचं. खरं तर त्यांच्याकडे एक लांबोळी वही होती. तिच्यात प्रत्येक मुलापुढं दोन रकाने, सरावाचे गुण आणि खरे गुण. आठ वर्षं हे रकाने भरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की खरे गुण सरावापेक्षा साधारण सहाव्या हिश्श्यानं कमी येतात. आणि हा सहावा हिस्सा त्यांना ओळखीचा वाटला, कारण आमच्या घरी तो दर रविवारी दिसे.

आमच्याकडे कॉफीच्या हिरव्या बिया आणून घरीच भाजत. मागच्या पडवीत कोळशाची शेगडी, तिच्यावर लोखंडी पिंप आडवं बसवलेलं आणि त्याला हातानं फिरवायचा दांडा. दांडा फिरवला की आत बिया खळखळत. परीक्षा संपून मुलं गेली की हे काम सुरू व्हायचं आणि अख्खी गल्ली त्या वासानं भरून जायची. सहा शेर हिरव्या बिया भाजल्या की पाच शेर भरतात. एक शेर पाणी धगीत उडून जातं. “सरावाचे गुण म्हणजे हिरव्या बिया,” अण्णा मुलांना सांगत. “इथं घर आहे, पोटात दोसा आहे, शेजारी तांब्या आहे. तिथं काय आहे? नुसती शेगडी. स्वल्प वजन जाणारच, त्याला रडायचं नाही. भाजल्यावर किती उरतं ते बघून पुढचं ठरवायचं. सरी ना?”

मुलं मान हलवत. आणि सहावा हिस्सा कापून उरलेला आकडा घेऊन घरी जात. त्या आकड्यावर घराघरात निर्णय होत. गुंडूराव नावाच्या एका मुलाला अण्णांनी एकशे साठ सांगितले, तर त्यानं मेडिकलचा नादच सोडला आणि शिक्षकांच्या ट्रेनिंगला गेला. अण्णांचं बरोबर होतं, असं सगळे म्हणाले. आज वाटतं, ते बरोबर होतं की नव्हतं हे कळणार कसं? त्या पोरानं नंतर पुस्तक मन लावून उघडलंच नाही. भाकीत कानावर पडलं की माणूस आपसूक त्याच्या दिशेनं चालू लागतो, आणि मग सांगणाऱ्याचं नाव होतं.

माझी थोरली बहीण वत्सला. मी तिला अक्का म्हणते. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि चारशे पटींनी हुशार. हे वाक्य माझं नाही, ते घरात रोज म्हटलं जायचं. तिचं अक्षर बघ, तिची वेणी बघ, तिचं पाठांतर बघ. ती बेडूक कापून यायची आणि जेवताना त्याच्या हृदयाचे कप्पे सांगायची. आई नाक मुरडायची, अण्णा मात्र भात कालवायचा थांबवून ऐकायचे. तिच्याकडे डिसेक्शनची एक पेटी होती, लाकडाची, आत निळी मखमल. त्यात चिमटे, कात्री, सुया. मला त्या पेटीला हात लावायची परवानगी नव्हती.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. अक्काचं पी. यू. सी.चं वर्ष. पौषात मामानं बेळगावकडचं एक स्थळ आणलं. माणसं मराठी, घरंदाज, मुलगा तालुक्याच्या कचेरीत नोकरीला. त्यांना शिवरात्रीपर्यंत उत्तर हवं होतं. आईला स्थळ पसंत होतं. तिचंही चूक नव्हतं, अठरावं लागलेल्या मुलीची आई होती ती. अण्णांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं आणि म्हणाले, “मी ठरवणार नाही, तुझी आईही नाही. आकडा ठरवेल. एकशे नव्वदच्या खाली आपल्या ओळखीत कुणालाही सीट मिळालेली नाही. भाजून एकशे नव्वदच्या वर उरले, तर मुलीला डॉक्टर करायचं, मामाला नकार. खाली गेले तर होकार. काय वत्सले?”

“सरी, अण्णा,” अक्का म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. तिला माहीत होतं ती वर जाणार आहे.

तिचे पेपर तपासायचे कुणी, हा प्रश्न होता. अण्णांनी ते स्वतः तपासायला साफ नकार दिला. “लोक काय म्हणतील ते सोड. माझाच मला भरवसा नाही.” म्हणून तिचे तीन पेपर बसवनगुडीत राहणाऱ्या शेषगिरी सरांकडे गेले. ते दुसऱ्या कॉलेजात शिकवत, अण्णांचे जुने स्नेही, कानडी, अतिशय सज्जन. आठवड्यानंतर शनिवारी संध्याकाळी अक्काच जाऊन ते परत घेऊन आली. पुडकं सुतळीनं बांधलेलं होतं. तिनं ते अण्णांच्या मेजावर ठेवलं आणि काही न बोलता आत गेली.

दुसऱ्या दिवशी रविवारी मुलांची परीक्षा झाली, घंटा देवघरात परत गेली. आई पूजेच्या गडबडीत होती. मागच्या पडवीत अक्का कॉफी भाजायला बसली. मधलं दार उघडं होतं, मला तिचा अर्धा खांदा आणि दांडा फिरवणारा हात दिसत होता. अण्णा आरामखुर्चीत बसले होते. मुलीच्या पेपराला हातसुद्धा लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मला म्हणाले, “तू सोड ती सुतळी. आकडा तेवढा वाच. बाकी काही बघू नकोस.”

मी सुतळी सोडली. वरच्या पेपराच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, दोनशे बावन्न. त्याच्यावर एक तिरपी रेघ. खाली, वजा बेचाळीस. आणि त्याच्या खाली लाल शाईत, गोल करून, दोनशे दहा.

शेषगिरी सरांना अण्णांचा नियम माहीत होता. बापाला आपल्याच मुलीचे गुण कापावे लागू नयेत, म्हणून त्या भल्या माणसानं सहावा हिस्सा आधीच कापून दिला होता.

“दोनशे दहा,” मी वाचलं.

पडवीतली खळखळ थांबली. बियांचा रंग बघत असेल, असं मला वाटलं.

“वही घे,” अण्णा म्हणाले. “सहावा हिस्सा वजा कर.”

मी चौदा वर्षांची होते. गणितात कच्ची असले तरी इतकी नव्हते. मला सगळं दिसत होतं. एवढंच म्हणायचं होतं, अण्णा, हे कापलंय आधीच. चार शब्द. ते माझ्या जिभेवर होते. मी वही घेतली, पेन्सिल घेतली, आणि वजाबाकी केली. दोनशे दहा वजा पस्तीस. “एकशे पंचाहत्तर,” मी म्हणाले.

मग पडवीत दांडा पुन्हा फिरू लागला.

मी का बोलले नाही, याची बरीच उत्तरं मी आजवर स्वतःला दिली आहेत. अण्णांनी बाकी काही बघू नकोस म्हटलं होतं. अण्णांना ठाऊकच असेल असं वाटलं. घाबरले. लहान होते. यातलं काही अगदीच खोटं नाही. पण ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले, ती आता सांगून टाकते. एकशे पंचाहत्तर म्हणताना मला बरं वाटलं होतं. अक्का पहिल्यांदा कुठं तरी कमी पडली होती आणि ते माझ्या तोंडून जाहीर होत होतं. तो आनंद एक घोट पाण्याएवढाही टिकला नाही. पण तो झाला होता, हे खरं आहे. मला त्याची आजही किळस येते.

संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी आईनं शेवयाची खीर केली. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी अण्णा स्वतः चालत जाऊन मामाला पत्र टाकून आले. आमच्यात शब्द दिला म्हणजे अर्धं लग्न झालं. आता सांगितलं तर घर पेटेल, म्हणून मी मूग गिळून बसले. खरं तर घर कधीच पेटलं होतं, फक्त धूर दिसत नव्हता.

त्या दीड महिन्याची आठवण मला वासांनी येते. होंगेच्या फुलांचा उग्र वास, उगादीच्या कडुलिंबाचा, अक्काच्या रुखवतासाठी आणलेल्या नव्या पितळेला चोळलेल्या चिंचेचा. अक्का परीक्षेला गेली. लग्न ठरलेल्या मुलीनं कशाला जायचं, असं मामा म्हणाला, तर ती म्हणाली, “वर्षभर वाचलंय. लिहून येते.” तिन्ही दिवस मी तिला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायला गेले. वाटेत ती मला प्रश्न विचारायला लावायची. मी पुस्तकातून विचारायची, यकृताची कामं सांग, रक्ताभिसरण सांग. ती सांगायची. तेव्हाही चार शब्द जिभेवर होते. फाटकाशी ती म्हणायची, “जा आता, ऊन लागेल.”

वैशाखात लग्न झालं. शेषगिरी सरांची त्याच सुमाराला शिमोग्याला बदली झाली, ते लग्नाला येऊ शकले नाहीत. त्यांचं एक आशीर्वादाचं कार्ड आलं.

ज्येष्ठात निकाल लागला. अक्काला दोनशे चौदा गुण होते.

अण्णांनी वही काढली. एकशे पंचाहत्तरपुढच्या रकान्यात दोनशे चौदा लिहिले. ते दोन आकडे ते किती तरी वेळ बघत राहिले. शेषगिरी सरांनी भाजून उरतील म्हणून सांगितलेला आकडा अवघ्या चार गुणांनी चुकला होता. आठ वर्षांत नियम इतका नेमका क्वचितच लागला असेल. पण हे फक्त मला माहीत होतं. अण्णा म्हणाले, “माझा नियमच चुकीचा होता. किती पोरांना मी काय काय सांगितलं असेल.” मग मला कार्ड लिहायला बसवलं. चिरंजीव वत्सलेस आशीर्वाद, तुला दोनशे चौदा गुण पडले, आम्हा सर्वांस आनंद झाला. ‘आनंद’ हा शब्द सांगताना ते अडखळले. पुढच्या माघात मुलं आली तेव्हा अण्णांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. घंटा देवघरातच राहिली आणि देवाला वेळेवर नैवेद्य मिळू लागला.

अक्काचं उत्तर दहा दिवसांनी आलं. दोन ओळी. ‘पत्र पोचले, इकडे सर्व कुशल. कुणी येणार असल्यास माझी डिसेक्शनची पेटी पाठवावी.’

ती पेटी मीच घेऊन गेले, दुसऱ्या वर्षी. तालुक्याचं गाव, काळी जमीन, दगडी घरं. मेव्हणे चांगले होते, आजही त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. “आमच्या घरात अर्धी डॉक्टर आहे,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगत, आणि ‘अर्धी’ म्हणताना अक्काकडे बघत नसत. गल्लीतली मुलं पायात काटा मोडला की तिच्याकडे येत. ती पेटी उघडायची, सुई दिव्याच्या ज्योतीवर धरायची, आणि मूल रडायच्या आत काटा बाहेर. निळी मखमल तशीच होती.

तिच्या दुसऱ्या मुलाला, अडीच वर्षांच्या श्रीधरला, घटसर्प झाला. ताप आणि घशात खवखव, सगळे म्हणाले थंडी बाधली. अक्कानं त्याला खिडकीशी नेऊन चमच्यानं जीभ दाबून घसा बघितला. आत पांढरट पडदा होता. तिनं नवऱ्याला सांगितलं हे काय आहे, त्यावर कुठलं इंजेक्शन लागतं, आणि ते किती तासांत मिळालं पाहिजे. तिनं सांगितलेला शब्द अन् शब्द बरोबर होता, असं नंतर डॉक्टरच म्हणाले. ते त्या दिवशी शेजारच्या गावी गेले होते, आणि तिकडे जाणारी एस. टी. दुपारची निघून गेली होती. मेव्हणे सायकलनं गेले. ते परत येईपर्यंत काय काय होत जाईल, हेही तिला क्रमानं माहीत होतं. पुस्तकात ते क्रमानं दिलेलं असतं.

श्रीधर कसा गेला, हे तिनं मला एकदाच सांगितलं, कोरड्या आवाजात, धडा म्हणून दाखवावा तसं. मी तिच्या पुढ्यात बसून ऐकलं. तेव्हासुद्धा मी ते चार शब्द बोलले नाही. आता ते बोलून काय होणार होतं, असं मनाला सांगितलं. काही होणार नव्हतंच.

मी पुढं शाळेत शिकवू लागले. पस्तीस वर्षं पेपर तपासले, पण कोपऱ्यात पेन्सिलीनं कधी काही लिहिलं नाही. अण्णा गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. शेवटच्या दिवसांत ते कधी कधी म्हणत, “सहावा नव्हता ग. मी उगाच सहावा धरला.” आई म्हणायची, भ्रम झालाय. मी त्यांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवायची. त्या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट स्वतःच्या डोक्यानं शोधून काढली होती आणि ती खरी होती. ती खोटी समजून ते गेले. एका वजाबाकीत मी बहिणीचं डॉक्टर होणं घेतलं आणि बापाचा स्वतःवरचा विश्वासही. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला दाखवणार?

मेव्हणे गेल्यावर अक्का आमच्याकडे राहायला आली, त्याला दोन वर्षं झाली. ब्याऐंशी वर्षांची आहे. कान तिखट आहेत, गुडघे गेलेत. गेल्या रविवारी सकाळी आम्ही दोघी बाल्कनीत पावटे सोलत होतो, अवरे, मोसमातले शेवटचे. भिजवलेला पावटा चिमटीत दाबला की डाळ टुणकन बाहेर येते. अन्विता परीक्षा देऊन बाहेर आली आणि आमच्यात बसली.

“कसा गेला ग?” मी विचारलं.

“स्कोअर मस्त आला, अज्जी. पण प्रेडिक्टेड खालीच दाखवतंय. ते लोक आधीच कमी करून दाखवतात, रिअल एक्झामचं टेन्शन वगैरे धरून. आणि आता पप्पा त्यातून अजून कमी करून बसलेत. सेफ साइड म्हणे. म्हणतात, मेडिकल राहू दे, दुसरं काही तरी बघू या.”

अक्कानं मान वर करून विचारलं,

“बापाला सांगितलंस? आधीच एकदा कापलंय म्हणून?”

“नाही. ते चिडतात मग. सांगेन नंतर.”

“नंतर नाही,” अक्का म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा तसला आवाज मी ऐकला नव्हता. “आत्ता जा. माझ्यासमोर जा.”

अन्विता चकित होऊन माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. ती उठून आत गेली, आणि आतून तिचं आणि माझ्या मुलाचं बोलणं ऐकू येऊ लागलं.

मला अक्काकडे बघवत नव्हतं. “तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“शेषगिरी सरांनी निघताना दारात सांगितलं होतं. कापूनच दिलेत, अण्णांना सांग म्हणून.”

“मग सांगितलं का नाहीस, अक्का?”

“मी परीक्षार्थी होते. आपल्या पेपराबद्दल बोलायचं नाही, हा नियम मला होता.” तिनं एक पावटा उचलला, दाबला, डाळ भांड्यात पडली. “तुला तो नव्हता. तू आकडा वाचलास तेव्हा मला वाटलं, आता ही सांगेल. म्हणून तर मी दांडा थांबवला होता ग. बियांच्या आवाजात तुझं बोलणं अण्णांना ऐकू गेलं नाही, असं व्हायला नको म्हणून.”